चित्रभाषेतील अतिशुद्धी : भिंग-अ‍ॅडॉप्टरांचा प्रश्न

१

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अल्प खर्चात चित्रपट काढू पाहणाऱ्यांच्या वर्तुळात एका उपकरणाचा मोठा बोलबाला झाला. डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवावयाचे हे उपकरण ‘डेप्थ ऑफ फील्ड अ‍ॅडॉप्टर’ या नावाने ओळखले जाई. भिंग ज्या अंतरावर जुळविले असेल त्या अंतरावरची वस्तू चित्रात रेखीव उमटते. तिच्या अलीकडचा व पलीकडचा काही पट्टाही डोळ्यास रेखीव भासतो आणि त्यानंतर सारे धूसर होत जाते. या रेखीव पट्ट्याची जाडी म्हणजे ‘डेप्थ ऑफ फील्ड’. पुढील विवेचनात तिला ‘स्पष्टतेची खोली’ असे म्हटले आहे. छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यात ही खोली स्वभावतःच फार मोठी असते. ती कमी करणे, म्हणजेच पात्राच्या मागचे जग बुद्ध्या धूसर करणे, हे या उपकरणाचे प्रयोजन होते.

२००८ नंतर थोड्याच वर्षांत हे उपकरण अस्तंगत झाले. तथापि ज्या इच्छेतून ते जन्मले ती इच्छा अस्तंगत झालेली नाही; आज ती प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसली आहे. म्हणून या अल्पायुषी उपकरणाची चिकित्सा ही केवळ तंत्राच्या इतिहासाची बाब राहत नाही. चित्रातील धूसरपणा हा संकेत मानावयाचा काय, मानल्यास त्याचा अर्थ कशाने ठरतो, आणि अर्थ वाहणारा संकेत नुसती प्रतिष्ठेची खूण केव्हा बनतो, हे प्रश्न या उपकरणाच्या निमित्ताने स्वच्छपणे मांडता येतात.

२

प्रथम प्रकाशशास्त्राची बाजू पाहणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयीच्या अज्ञानातून बरेच गैरसमज निर्माण झालेले आहेत. डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र ‘खोल’ असते ते त्याच्या अंकीय स्वरूपामुळे असते, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः अंकीय असण्याचा येथे काहीही संबंध नाही. कारण आहे ते प्रतिमेच्या आकाराचे.

त्या काळच्या बहुसंख्य छोट्या कॅमेऱ्यांतील संवेदक ‘एक तृतीयांश इंच’ वर्गाचा असे. त्याचे प्रत्यक्ष मोजमाप सुमारे ४·८ × ३·६ मिलिमीटर, म्हणजे कर्ण ६ मिलिमीटर. ३५ मिलिमीटर चित्रपटाच्या रूढ चौकटीचे मोजमाप सुमारे २२ × १६ मिलिमीटर. कर्ण २७ मिलिमीटरांच्या आसपास. दोहोंत साडेचार पटींचे अंतर आहे. एकाच जागी उभे राहून दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढेच दृश्य सामावून घ्यावयाचे तर मोठ्या चौकटीस ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लागते तेथे छोट्या संवेदकास अवघे ११ मिलिमीटरांचे पुरते. नाभीय अंतर इतके कमी झाले म्हणजे भिंगाच्या छिद्राचा खरा व्यासही त्याच मानाने घटतो, आणि स्पष्टतेची खोली वाढते. साध्या हिशेबाने सांगावयाचे तर छोट्या कॅमेऱ्याचे भिंग एफ १·६ पर्यंत पूर्ण उघडले तरी त्यातून मिळणारी खोली ३५ मिलिमीटर चित्रपटात एफ ७ च्या सुमारास मिळणाऱ्या खोलीएवढी असते. चित्रपटाचा छायालेखक प्रखर प्रकाशात छिद्र बरेच लहान करून जे साधतो ते छोट्या कॅमेऱ्याच्या मालकास काही न करता, किंबहुना त्याची इच्छा नसताही, मिळत असे.

या अडचणीवर काढलेली युक्ती मोठी चतुर होती. कॅमेऱ्याच्या पुढे एक दुधी काच बसवावयाची. तिच्या पुढे स्थिरचित्रणाचे किंवा चित्रपटाचे मोठे भिंग लावावयाचे. ते भिंग काचेवर मोठी प्रतिमा पाडते, आणि मागचा छोटा कॅमेरा एका निकटदर्शी भिंगाच्या साहाय्याने त्या काचेचेच चित्रण करतो. म्हणजे कॅमेरा जगाचे चित्र घेत नाही, जगाच्या चित्राचे चित्र घेतो. धूसरपणा काचेवर आधीच पडलेला असल्याने कॅमेऱ्याची खोली कितीही असली तरी त्यात फरक पडत नाही.

काच स्थिर असेल तर तिचे कण चित्रात गोठलेल्या धुळीसारखे दिसतात. म्हणून काही उपकरणांत काच मोटरीने फिरविली जाई, काहींत ती थरथरत ठेवली जाई, तर काहींत दोन काचांमध्ये मेणाचा सूक्ष्म थर देऊन कण मुळातच नाहीसे करण्याचा प्रयत्न होई. हौशी कारागिरांनी पारदर्शक सीडी घासून ती छोट्या मोटरीवर फिरविण्यापर्यंत मजल मारली. जर्मनीतील पी+एस टेक्निक या संस्थेचे ‘मिनी३५’ हे व्यावसायिक उपकरण दशकाच्या आरंभी प्रचारात आले. पुढे रेडरॉक मायक्रो, लेटस इत्यादी उत्पादकांनी तेच तत्त्व सामान्य निर्मात्याच्या आटोक्यात आणले. पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० हा कॅमेरा २००२ मध्ये सेकंदाला २४ चित्रचौकटींचे चित्रण घेऊन आला तेव्हा गतीच्या बाबतीत व्हिडिओ चित्रपटाजवळ सरकला होता. अ‍ॅडॉप्टराने राहिलेली उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा होती.

या युक्तीचे मूल्य मात्र द्यावे लागे. दुधी काच प्रकाश खाते. उपकरणागणिक अर्ध्यापासून दोन स्टॉपपर्यंत प्रकाश कमी होई. प्रतिमा उलटी पडत असल्याने पडदा उलटा टांगून काम करावे लागे किंवा संपादनात चित्र सुलटे करावे लागे. कडांशी अंधारी येई. सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी की, पुढच्या भिंगाचे छिद्र एफ ५·६ च्या पलीकडे लहान केले की बहुतेक उपकरणांत काचेचा पोत दिसू लागे. ही शेवटची मर्यादा प्रस्तुत विवेचनात निर्णायक आहे, आणि तिच्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

३

इतका खटाटोप कशासाठी? त्या काळी सर्वत्र एकच उत्तर दिले जाई : व्हिडिओला ‘फिल्मचे रूप’ यावे म्हणून. या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. फिल्मचे रूप म्हणजे उथळ स्पष्टता, असे समीकरण त्यात मानून घेतले आहे. हे समीकरण कितपत खरे आहे?

समाजभाषाशास्त्रात ‘अतिशुद्धी’ नावाचा एक सुपरिचित व्यापार आहे. ज्याच्या घरच्या बोलीत ‘ण’ नाही असा मनुष्य प्रमाण मराठी बोलू लागला म्हणजे ‘पानी’चे ‘पाणी’ करावयास शिकतो. पण त्याच ओघात ‘मन’चेही ‘मण’ करून बसतो. प्रतिष्ठित बोलीतील खूण त्याने उचललेली असते. त्या खुणेचा नियम त्याच्या हाती आलेला नसतो. विल्यम लबॉव्ह यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्क शहराच्या अभ्यासात हीच गोष्ट परिमाणात दाखविली. अत्यंत औपचारिक प्रसंगी निम्न मध्यमवर्गाचे लोक प्रतिष्ठित ‘र’ उच्चारण्यात वरच्या वर्गालाही मागे टाकतात, असे त्यांना आढळले. जो वर्ग सीमेवर उभा असतो आणि ज्याला आत प्रवेश हवा असतो, तोच वर्ग खुणेचा अतिरेक करतो.

अ‍ॅडॉप्टरांच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि येथे त्याचा पुरावा मिलिमीटरांत देता येतो. चित्रपटाची चौकट २२ × १६ मिलिमीटरांची. परंतु सामान्य निर्मात्यांनी वापरलेल्या अनेक अ‍ॅडॉप्टरांत स्थिरचित्रणाची भिंगे लावून काचेवर ३६ × २४ मिलिमीटरांची किंवा तिच्या जवळपासची प्रतिमा घेतली जाई. या चौकटीचा कर्ण ४३ मिलिमीटर, म्हणजे चित्रपटाच्या चौकटीच्या सुमारे १·६ पट. बाजारात स्वस्तात मिळणारे ५० मिलिमीटरांचे एफ १·८ चे भिंग या काचेवर पूर्ण उघडे ठेवले की जी उथळता मिळते ती चित्रपटाच्या चौकटीत मिळविण्यासाठी एफ १·१ एवढे उघडे भिंग लागेल. स्टुडिओतील छायालेखक सामान्यतः एफ २·८ ते ५·६ या मर्यादेत काम करीत आलेले आहेत. व्हिस्टाव्हिजनसारख्या रुंद चौकटीच्या पद्धती अपवाद म्हणून सोडल्या, तर अ‍ॅडॉप्टराने दिलेला धूसरपणा मुख्य प्रवाहातील चित्रपटाने नित्याच्या व्यवहारात कधी वापरलेलाच नव्हता. ज्याचे अनुकरण करावयाचे त्याच्याही पुढे अनुकरण गेले. यालाच चित्रभाषेतील अतिशुद्धी म्हणता येईल.

याच सुमारास धूसरपणाला स्वतंत्र नावही लाभले होते. इंग्रजी छायाचित्रणविषयक लेखनात ‘बोके’ हा जपानी शब्द १९९७ मध्ये एका नियतकालिकाने रूढ केला. तोपर्यंत धूसर भाग म्हणजे ‘जुळणीबाहेरचा’ भाग, असे नकारार्थीच वर्णन होत असे. स्पष्टतेचा अभाव असा ज्याचा परिचय होता त्याला नाव मिळताच तो एक गुण झाला, त्याच्या प्रती लावता येऊ लागल्या आणि अर्थात तो विकताही येऊ लागला.

४

कोणत्याही संकेताला अर्थ येतो तो दुसऱ्या संकेताशी असलेल्या विरोधामुळे. ज्या भाषेत सर्वच स्वर दीर्घ आहेत त्या भाषेत दीर्घत्व काहीच सांगत नाही. हे तत्त्व चित्रास लावून पाहिले म्हणजे अ‍ॅडॉप्टराचे खरे वैगुण्य ध्यानात येते.

चित्रपटाच्या इतिहासात उथळ आणि खोल स्पष्टता ही दोन्ही साधने नांदत आलेली आहेत. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटात छायालेखक ग्रेग टोलंड यांनी रुंद कोनाची भिंगे, अधिक संवेदनक्षम फिल्म, विलेपित भिंगे आणि प्रखर दिवे यांच्या बळावर एफ ८ पासून एफ १६ पर्यंत छिद्र लहान केले आणि अलीकडच्या पात्रापासून खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत सारे रेखीव ठेवले. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी या पद्धतीचे मोठे समर्थन केले. खोल चित्रात दिग्दर्शक प्रेक्षकाची नजर बोट धरून नेत नाही. काय पाहावयाचे ते प्रेक्षकाने निवडावयाचे असते. त्यामुळे जगाची अनेकार्थता चित्रात टिकून राहते, असा त्यांचा मथितार्थ आहे.

हे प्रतिपादन जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. बाझँ यांच्या आवडत्या उदाहरणांपैकी एक म्हणजे सूझनच्या आत्मघाताच्या प्रयत्नाचा प्रसंग. अगदी पुढे पेला व औषधाची बाटली, मध्ये अंधारात पडलेली सूझन, आणि मागे दार फोडून आत येणारा केन. हे चित्र एका भिंगाने एका वेळी घेतलेलेच नाही. एकाच फिल्मवर भाग झाकून पुनःपुन्हा चित्रण करून ते सिद्ध केलेले आहे. म्हणजे खोल स्पष्टताही निसर्गाचे देणे नसून रचलेला संकेतच ठरते. परंतु यामुळे बाझँ यांचा मुद्दा निकालात निघत नाही. त्याचे अधिष्ठान तेवढे बदलते. खोल चित्र सत्याच्या अधिक निकट असते म्हणून मोलाचे असे नव्हे, तर त्यात दोन गोष्टींचा संबंध प्रेक्षकास एकाच दृष्टिक्षेपात वाचता येतो म्हणून मोलाचे. बाटली आणि दार दोन्ही रेखीव आहेत म्हणूनच त्यांच्यामध्ये पडलेल्या स्त्रीची अवस्था कळते.

उलट उथळ स्पष्टतेलाही तिचा अर्थ आहे. गर्दीतून एकच चेहरा निवडला जातो, एखाद्याचे जगाशी नाते तुटल्याचे सूचित होते, किंवा नजर एका पात्रावरून दुसऱ्यावर सरकते तेव्हा वाक्यातील कर्ता बदलल्यासारखे होते. पण हे सारे घडते ते आधीचे चित्र खोल होते म्हणून. अ‍ॅडॉप्टराची मघाशी सांगितलेली मर्यादा येथे आठवावी. छिद्र लहान केले की काच दिसू लागे. म्हणून अ‍ॅडॉप्टर लावलेला असेपर्यंत छायालेखकाला खोल चित्र घेण्याची सोयच नव्हती. खोल चित्र हवे तर उपकरण काढून ठेवावे लागे आणि मग दोन चित्रांची जात जुळत नसे. परिणाम असा झाला की चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत उथळ राही. न्याहारीचे टेबल, रस्त्यावरचे भांडण, प्रेतयात्रा, सर्वांच्या मागे तोच मऊ धूसर पडदा. विरोध नाहीसा झाला आणि त्याबरोबर अर्थही. धूसरपणाने चित्रातील पात्राविषयी काही सांगणे सोडले; तो चित्र घेणाऱ्याविषयी सांगू लागला. ‘हे व्हिडिओ नव्हे, हा चित्रपट आहे’ एवढेच त्याचे म्हणणे उरले. वाक्याचा आशय हरपून केवळ बोलणाराची धाटणी ऐकू यावी, तसा हा प्रकार झाला.

५

यावर एक पूर्वपक्ष संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्याच्यापाशी नेपथ्यास पैसा नाही, ज्याला मित्राच्या घरात व परक्याच्या दुकानात चित्रण उरकावे लागते, त्याच्या चित्रात नको असलेल्या शेकडो वस्तू शिरतात. खोल स्पष्टता श्रीमंताला परवडते, कारण तिच्यात दिसणारी प्रत्येक वस्तू त्याने निवडलेली असते. गरिबाला धूसरपणा हा एकच पडदा उपलब्ध असतो. शिवाय अ‍ॅडॉप्टरामुळे भिंग निवडणे, अंतर मोजणे, फोकस पुलरने पात्राच्या हालचालीबरोबर जुळणी सांभाळणे ही शिस्त नवशिक्यांच्या अंगी बाणली. आणि उपहासाचा विषय झालेली दर्जाची आकांक्षा ही तरी क्षुद्र का मानावी? महोत्सवाच्या निवडसमितीने व्हिडिओ म्हणून चित्र बाजूस सारू नये, असे वाटणे स्वाभाविकच आहे.

या पूर्वपक्षातील शेवटचा मुद्दा पूर्णपणे मान्य केला पाहिजे. अतिशुद्धी हा व्यक्तीचा दोष नसतो. ज्या समाजात एकच बोली प्रमाण ठरते त्या समाजाच्या दडपणाचा तो पुरावा असतो. ‘मण’ म्हणणाऱ्यास हसणाराच त्या ‘मण’ला कारण झालेला असतो. शिस्तीचा मुद्दाही खरा आहे. पण पहिला मुद्दा मात्र अर्धाच खरा ठरतो. धूसरपणाने परक्याचे दुकान झाकले जाते, तसे स्वतःचे गावही झाकले जाते. अल्पखर्ची चित्रपटाचे मोठे भांडवल म्हणजे त्याची प्रत्यक्ष जागा : खरी गल्ली, खरे स्वयंपाकघर, भिंतीवरचे खरे कॅलेंडर. मोठ्या स्टुडिओला जे पैसे देऊन उभारावे लागते ते त्याच्यापाशी फुकट असते, आणि नेमके तेच तो पुसून टाकतो. शिवाय काच प्रकाश खात असल्यामुळे, काटकसरीसाठी छोटा कॅमेरा पत्करणाऱ्यास अखेर अधिक दिव्यांची सोय करावी लागे, ही विसंगतीही नोंदविण्यासारखी आहे.

छोट्या कॅमेऱ्याची बोली स्वतःच्या बळावर उभी राहू शकते, हे त्याच काळातील काही कृतींनी सिद्ध केलेले आहे. थॉमस व्हिंटरबर्ग यांच्या ‘फेस्टन’ (१९९८) मध्ये हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा मेजवानीतील पाहुण्यांत एखाद्या आगंतुक नातेवाइकासारखा वावरतो. ते चित्रण पुढे ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरविले गेले, तथापि त्याचा रवाळ, दिवेलागणीचा पोत लपविण्याचा प्रयत्न कोठे दिसत नाही. आन्येस वार्दा यांच्या ‘द ग्लीनर्स अँड आय’ (२०००) मध्ये वृद्ध दिग्दर्शिका एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताचे चित्रण करते. महामार्गावरून चाललेले ट्रक ती बोटांच्या वर्तुळात पकडण्याचा खेळ खेळते. जवळचा हात आणि दूरचा ट्रक यांचा संबंध हाच तेथे विषय आहे, आणि छोटा संवेदक त्या विषयास अनुकूल आहे. अब्बास क्यारोस्तामी यांनी ‘टेन’ (२००२) हा चित्रपट मोटारीच्या पुढच्या भागावर बसविलेल्या दोन छोट्या कॅमेऱ्यांवर घेतला. चालविणारी स्त्री बोलत असताना खिडकीबाहेरचे तेहरान तिच्याबरोबर सतत वाचता येते. ते शहर धूसर केले असते तर दहा संभाषणे उरली असती, चित्रपट उरला नसता.

अ‍ॅडॉप्टराच्या तत्त्वातूनही अस्सल कृती निर्माण होणे अशक्य होते असे मात्र नव्हे. इव्हान ग्लोडेल यांचा ‘बेलफ्लॉवर’ (२०११) हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुनी भिंगे, भाता आणि एसआय-२के मिनी हा डिजिटल कॅमेरा जुळवून त्यांनी स्वतःच यंत्र बनविले. त्या यंत्राचे दोष त्यांनी झाकले नाहीत. कडा विरघळतात, स्पष्टतेचा पट्टा तिरका होतो, भिंगावरची घाण पडद्यावर डागासारखी दिसते. प्रलयानंतरच्या जगाची स्वप्ने रंगवीत ज्वालाफेकी यंत्रे बनविणाऱ्या दोन मित्रांची ही कथा आहे. तेव्हा कॅमेराही त्याच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखा वाटतो, आणि नायकाच्या मनाचा तोल जात असताना चित्राचाही तोल जातो. येथे धूसरपणा प्रतिष्ठा मागत नाही. तो पात्रांची दृष्टी बनतो. सारांश, दोष काचेत नव्हता. उसनी खूण आणि स्वतःचे म्हणणे यांत भेद न करण्यात होता.

६

२००८ मध्ये निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क टू हे स्थिरचित्रणाचे कॅमेरे व्हिडिओ घेऊ लागले. दुसऱ्याचा संवेदक तर पूर्ण ३६ × २४ मिलिमीटरांचा होता. फिरती काच, उलटा पडदा, हरवणारा प्रकाश हे सारे एका वर्षात निरर्थक झाले. या कॅमेऱ्यांत एक महत्त्वाचा फरक होता : छिद्र लहान करून खोल चित्र घेण्यास आता कोणतीही आडकाठी नव्हती. तांत्रिक सक्ती संपली. तरीही सवय संपली नाही. अ‍ॅडॉप्टराने घडविलेली रुची नव्या उपकरणात जशीच्या तशी उतरली. या एका गोष्टीवरून हे दिसून येते की उथळतेचा अतिरेक हा यंत्राचा नसून संकेताचा प्रश्न होता.

त्यानंतरची पायरी अधिक बोलकी आहे. आयफोन ७ प्लस या २०१६ मधील फोनमध्ये गणिताच्या साहाय्याने पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय आली, आणि २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तीच सोय चलच्चित्रासाठी उपलब्ध झाली. तिला नाव देण्यात आले ‘सिनेमॅटिक’. एका विशेषणात चित्रपटकलेचा अर्थ मावला, आणि तो अर्थ धूसरपणा हाच ठरला. ज्या समीकरणाची चिकित्सा येथे केली आहे ते आता कोशातल्या व्याख्येसारखे रूढ झालेले आहे. भिंगाची, काचेची किंवा मोठ्या संवेदकाची गरज संपली. खूण भौतिक कारणापासून पूर्णपणे सुटी होऊन स्वैरपणे लावता येण्याजोगी झाली.

भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. संकेत आपल्या उगमापासून दूर जातात, हा त्यांचा धर्मच आहे. परंतु समीक्षेचे कार्य तेथे संपत नाही. प्रत्येक धूसर चित्रासमोर एक साधा प्रश्न तिने विचारीत राहिले पाहिजे : येथे जे पुसले गेले ते रेखीव राहिले असते तर अर्थ बदलला असता काय? उत्तर होकारार्थी असेल तर तो धूसरपणा भाषेचा भाग आहे. नकारार्थी असेल तर तो केवळ उच्चाराची ऐट आहे. आणि ऐटीपायी ज्यांची गल्ली, घर व भिंत चित्रातून नाहीशी झाली त्यांनी आपल्यापाशी असलेले एक मोठे साधन विनामूल्य देऊन टाकले, असेच म्हणावे लागेल.